निझामी राजवटीतील गिरणीनगराचे इतिहासलेखन : परिभाषेच्या अंगाने एक परीक्षण

मराठवाड्याच्या आधुनिक इतिहासावरील मराठी ग्रंथ पाहू गेल्यास एक गोष्ट सहज ध्यानात येते. या ग्रंथांत खेडी आहेत, सरहद्दीवरील छावण्या आहेत, तुरुंग आहेत, राष्ट्रीय शाळा आहेत. परंतु गिरणी फारशी नाही. नांदेड आणि औरंगाबाद ही दोन्ही शहरे निझामी राजवटीतच यंत्रयुगात आली, हिंगोली ही कापसाची पेठ म्हणून नावारूपास आली, पूर्णा येथे रेल्वेची वसाहत उभी राहिली. असे असूनही १९३९ ते १९४८ या नऊ वर्षांत या गावांतील मजूर, जॉबर, हमाल, अडते यांचे काय झाले, हा प्रश्न मुक्तिसंग्रामाच्या वाङ्मयात प्रधान होऊ शकलेला नाही. त्याची कारणे सामान्यतः साधनांच्या अभावात शोधली जातात. प्रस्तुत परीक्षणाचे म्हणणे असे की, एक कारण त्याहून जवळचे आहे, आणि ते या लेखनाच्या परिभाषेत आहे. ज्या शब्दांनी हा काळ सांगितला गेला त्या शब्दांतच औद्योगिक शहराला जागा उरली नाही.

प्रथम राजवटीच्या नावाचाच विचार करावा. मराठी लेखक सर्रास ‘निझामशाही’ असे लिहितात. इतिहासाच्या काटेकोर परिभाषेत निझामशाही ही अहमदनगरची. हैदराबादचे घराणे आसफजाही होय. ही चूक क्षुल्लक वाटते, आणि रूढीने ती आता शुद्ध झाली आहे असेही कोणी म्हणेल. परंतु तिचा परिणाम क्षुल्लक नाही. ‘निझामशाही’ या शब्दाने विसाव्या शतकातील राज्य वाचकाच्या मनात सतराव्या शतकाच्या शेजारी जाऊन बसते. त्याला जोडून ‘सरंजामशाही’ आणि ‘सुलतानी’ हे शब्द आले, की चित्र पुरे होते : किल्ला, जहागीर, वेठ आणि मध्ययुगीन काळोख. हे चित्र खोटे नाही. पायगा, जागिरी आणि सर्फ-ए-खास यांनी राज्याचा मोठा हिस्सा व्यापलेला होता, आणि देशमुखांची वेठ हा लेखकांच्या कल्पनेचा खेळ नव्हता. तथापि चित्र अपुरे आहे. कारण याच राज्याने १९२९ साली औद्योगिक न्यासनिधी स्थापून सरकारी पैसा कारखान्यांत गुंतविण्यास आरंभ केला, १९३० साली ब्रिटिश कंपनीकडून रेल्वे विकत घेतली, आणि १९३२ साली प्रवासी मोटारवाहतूक सरकारी अंमलाखाली आणली. वरंगळची आझमजाही मिल १९३४ ची, बोधनचा साखर कारखाना १९३७ चा. युद्धकाळात त्यांना हैदराबादच्या ऑल्विन आणि प्रागा टूल्स या कारखान्यांची जोड मिळाली. राज्यकर्ता स्वतःच भागीदार, स्वतःच वाहतूकदार आणि स्वतःच कायदेकर्ता असलेली ही व्यवस्था नुसत्या ‘सरंजामशाही’ या शब्दात मावत नाही. १९४७ च्या अखेरीस जे पंतप्रधान झाले ते मीर लायक अली जहागीरदार म्हणून नव्हे, अभियंता व उद्योगपती म्हणून प्रसिद्ध होते, एवढी एक गोष्टही त्या शब्दाला तडा देण्यास पुरेशी आहे.

गिरण्यांची नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. गुलबर्ग्याची महबूबशाही, नांदेडची उस्मानशाही, वरंगळची आझमजाही. सहावा निझाम, सातवा निझाम आणि त्याचा पुत्र अशा तीन पिढ्या तीन भोंग्यांनी पुकारल्या जात. मुंबईच्या गिरण्यांना मालकांची अथवा कंपन्यांची नावे असत आणि मजुराने शिवी दिली तर ती शेठजींना पडे. नांदेडच्या मजुराचे तसे नव्हते. त्याच्या कारखान्याच्या दारावर सार्वभौम सत्ताधीशाचे नाव होते, आणि कारखान्याविषयीची तक्रार ही राजाच्या नावाविषयीची तक्रार होऊ शके. भाषेच्या अभ्यासकाला यात नवल नाही. नाव म्हणजे नुसती खूण नव्हे, नाव घेण्याचा एक व्यवहार असतो आणि त्या व्यवहारात कोणाला किती बोलता येईल हेही ठरून जाते. येथे आणखी एक बारीक गोष्ट नोंदविणे योग्य होईल. मराठवाड्याच्या बोलण्यात ‘गिरणी’ म्हणजे बहुधा पिठाची. कापडाची ती ‘मिल’. मुंबई-पुण्याच्या मुद्रित मराठीतून आलेला ‘गिरणगाव’ हा शब्द नांदेडला लावला, की लगेच परळ-लालबागचे चित्र मनात उभे राहते आणि नांदेडचे वेगळेपण निसटते. प्रस्तुत लेखाच्या शीर्षकातही ‘गिरणीनगर’ हाच शब्द आला आहे. शिष्ट भाषेच्या सवयी किती चिवट असतात याचे ते एक उदाहरण समजावे.

या वेगळेपणाचे स्वरूप थोडक्यात असे. हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत पुरा झाला आणि मराठवाड्याचा कापूस प्रथमच यंत्राच्या वेगाने बाहेर पडू लागला. हिंगोली हे तोवर हैदराबाद कंटिंजंटच्या छावणीचे गाव होते. १९०३ मध्ये छावणी मोडली, आणि १९१२ साली पूर्णेहून तेथपर्यंत रेल्वेचा फाटा आला. छावणीच्या गावाचे बाजाराच्या गावात असे रूपांतर होण्याचे उदाहरण मराठवाड्यात दुसरे इतके स्वच्छ क्वचितच सापडेल. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत सरकी काढावी, रुईच्या गाठी बांधाव्यात आणि त्या पूर्णेच्या वाटेने रवाना कराव्यात, हा त्या गावाचा उद्योग. लोहमार्ग हिंगोलीला संपत असे. पलीकडे पैनगंगा आणि पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, म्हणजे ब्रिटिश मुलूख. अकोल्याच्या बाजूने हा मार्ग जोडला जाण्यास स्वातंत्र्योत्तर काळ उजाडावा लागला. म्हणजे हिंगोलीचा कापूस भूगोलाने वऱ्हाडाचा, भाषेने मराठीचा आणि जकातीने निझामाचा होता. हंगामी जिनिंग आणि बारमाही मिल यांतील फरकही विसरता कामा नये. हिंगोलीचा मजूर दिवाळीनंतर कारखान्यात जाई आणि पेरणीला शेतावर परते. नांदेडचा मजूर पाळीने जगे. एकाच ‘कामगार’ या शब्दाखाली ही दोन आयुष्ये दडपली, की एकाचाही इतिहास लिहिता येत नाही. राज्याने १९२९ नंतर जो मोठा भांडवली उद्योग उभारला त्याचा भर राजधानी आणि तेलंगण यांवर होता. मराठवाड्याकडे प्रामुख्याने कच्चा माल पुरविण्याचे काम राहिले. युद्ध सुरू झाले तेव्हा हा असमतोल तयारच होता.

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटन युद्धात उतरले आणि त्याबरोबर निझामही उतरला. त्याच्या नावाचे स्क्वाड्रन ब्रिटिश विमानदलात होते. त्याच्या देणगीतून ‘निझाम’ नावाची विनाशिका ऑस्ट्रेलियाच्या नौदलात फिरत होती. परंतु नांदेडवर बॉम्ब पडला नाही आणि हिंगोलीला एकदाही काळोख करावा लागला नाही. त्यामुळे इतिहासलेखकांनी असे धरून चालावे की, मराठवाड्यात युद्ध झालेच नाही, हे समजण्यासारखे आहे. पण ते बरोबर नाही. युद्ध आले ते शब्दांच्या वाटेने. त्यांतील पहिला शब्द ‘लेव्ही’. पिकाचा ठरीव हिस्सा ठरीव भावाने सरकारजमा करावा, हा त्याचा अर्थ. लहान कुळाने तो मुकाट्याने घालावा आणि मोठ्या वतनदाराने कागदावर चुकवावा, हा त्याचा व्यवहार. दुसरा शब्द ‘कंट्रोल’. नियंत्रित भावाचे धान्य व कापड विकणारे दुकान ते कंट्रोलचे दुकान, त्यातील धोतर ते कंट्रोलचे धोतर. युद्ध संपले, निझाम गेला, राज्यपुनर्रचना झाली. परंतु हिंगोली-परभणीच्या बोलीत स्वस्त धान्याच्या दुकानाला ‘कंट्रोल’ म्हणण्याचा प्रघात टिकून राहिला. ज्याला ‘नियंत्रण’ हा शब्द कळणार नाही त्यालाही ‘कंट्रोलचे गहू’ कळतात. स्मारकस्तंभावर कोरलेल्या नावांपेक्षा असा एखादा शब्द युद्धकाळाची साक्ष अधिक निश्चितपणे देतो, पण मुक्तिसंग्रामाचे इतिहासकार त्याला साक्षीला बोलावीत नाहीत.

मजुराच्या दृष्टीने आणखी दोन शब्द महत्त्वाचे : ‘हाली’ आणि ‘कलदार’. हाली म्हणजे चालू, निझामी राज्यात चालणारा शिक्का. कलदार म्हणजे कळेवर, यंत्रावर पाडलेला ब्रिटिश रुपया. सात हालीला सहा कलदार असा सर्वसाधारण विनिमय होता. निझामी हद्दीतील मजुरी हालीत. पैनगंगेपलीकडून येणारी वस्तू कलदाराच्या भावाने आणि वर ‘करोडगिरी’ म्हणजे जकात भरून. मजुरीचे जे आकडे जुन्या अहवालांत आढळतात ते कोणत्या रुपयांत आहेत हे न पाहता त्यांची मुंबई-नागपूरच्या मजुरीशी तुलना करणे म्हणजे शंभरांमागे चौदांची चूक आरंभीच पदरात बांधून घेणे होय. तसेच ‘फसली’ सनाचे. हैदराबादचे फसली वर्ष आजूर महिन्याने ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होई; म्हणून १३५२ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४२ ते ऑक्टोबर १९४३. फसलीत सरसकट ५९० मिळवून इसवी सन काढण्याची जी घाईची रीत आहे, तिने वर्षातील तीनच महिने बरोबर येतात आणि उरलेले नऊ चुकतात. युद्धकाळातील भाववाढीचा आलेख अशा रीतीने काढला तर वर्षभराने मागे सरकतो, आणि मग कारण आधी की परिणाम आधी याचा मेळ बसत नाही.

राजकीय बंधनांची परिभाषाही अशीच बारकाईने पाहिली पाहिजे. ‘गश्ती निशान ५३’ हे परिपत्रक मराठवाड्याच्या प्रत्येक चरित्रात येते. पूर्वपरवानगीवाचून सभा नाही, हा त्याचा गाभा. फारसीत ‘गश्त’ म्हणजे फिरणे; तो कागद कचेऱ्यांतून फिरतो म्हणून गश्ती, आणि शिपाई रस्त्यांतून फिरतो म्हणून गस्त. मराठीने यांतील दुसरा अर्थ घरात घेतला आणि पहिला कचेरीत सोडला. परंतु निझामी प्रजेच्या अनुभवात दोन्ही एकच होते. राष्ट्रीय कार्यकर्त्यांच्या आठवणींत या गश्तीचा संबंध व्याख्याने, ग्रंथालये आणि गणेशोत्सव यांच्याशी येतो. मिलच्या फाटकाशी तिचा संबंध काय होता, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ब्रिटिश हिंदुस्थानात कामगारसंघांना १९२६ च्या कायद्याने मान्यता मिळाली. संस्थानांना तो कायदा लागू नव्हता. जेथे व्याख्यानाला परवानगी लागते तेथे संपाची सभा कशी भरणार? तरीही महायुद्ध संपल्यानंतर कवी मखदूम मोहिउद्दीन यांच्या अध्यक्षतेखाली अखिल हैदराबाद ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहते, याचा अर्थ बंदीच्या काळातच तिची मुळे रुजत होती. मखदूम यांचा ‘सुर्ख सवेरा’ हा संग्रह १९४४ चा. कामगार चळवळीचा पुढारीच भाषेतील अग्रगण्य कवी असावा, हा योग उर्दूला लाभला. तेलुगूत दाशरथी रंगाचार्यांनी ‘चिल्लर देवुळ्ळु’ या कादंबरीतून तेलंगणातील निझामी अमदानी उभी केली. मराठी कथात्म वाङ्मयात या काळाची दखल त्या मानाने तोकडी आहे, आणि जी आहे तीत मिलचा भोंगा दूरवरून ऐकू येतो.

आता प्रत्यक्ष ग्रंथांकडे वळावे. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आठवणी हे या विषयाचे पायाभूत साधन होय. १९३८ साली स्थापनेबरोबरच बंदी पडलेल्या स्टेट काँग्रेसचा हा अंतरंग इतिहास. त्यातील निर्भयता आणि आत्मपरीक्षण यांबद्दल दुमत होणार नाही. विशेष हे की, स्वामीजींच्या सार्वजनिक आयुष्याचा आरंभ ना. म. जोशी यांच्या सहवासात, म्हणजे कामगार चळवळीतच झाला होता. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथील शाळा ही त्यानंतरची गोष्ट. गिरणीची भाषा जाणणारा पुरुष शाळेच्या वाटेने राजकारणात येतो, आणि त्याच्या मागून येणारी सारी पिढी शिक्षक, वकील व विद्यार्थी यांची होते, हे मराठवाड्याच्या चळवळीचे स्वरूपच आहे. ते दोष म्हणून सांगायचे नाही. निझामी राज्यात शाळा हीच सभेची जागा होती. पण चळवळीचे स्वरूप आणि समाजाचे स्वरूप एक मानण्याचे कारण नाही.

अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा १९८७ चा ग्रंथ तपशिलाच्या समृद्धीत अद्याप अजोड आहे. महाराष्ट्र परिषद, सत्याग्रह, सरहद्दीवरील शिबिरे, ३० जानेवारी १९४८ ची उमरी बँकेची घटना, या साऱ्यांना त्यात सहभागी माणसाची जवळीक लाभली आहे. आणि नेमकी तीच त्याची मर्यादा होय. सहभागी माणसाचे सर्वनाम ‘आम्ही’ असते. या ‘आम्ही’त कोण येतो आणि कोण येत नाही याचा हिशेब व्याकरण ठेवीत नाही, वाचकाला ठेवावा लागतो. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा भेद आहे, इंग्रजीत तो नाही. मुक्तिसंग्रामाचे वाङ्मय जेव्हा ‘आपण’ लिहिते तेव्हा वाचकाला सामावून घेते. जेव्हा ‘आम्ही’ लिहिते तेव्हा शिबिरातील माणूस बोलतो. या दोहोंच्या मध्ये जो उरतो, म्हणजे शिबिरात गेला नाही, रझाकार झाला नाही, रोज पाळीवर गेला आणि महिन्याच्या शेवटी हाली रुपये घेऊन आला, त्याला तृतीय पुरुषच मिळतो, आणि तोही बहुधा अनेकवचनी : ‘लोक’, ‘जनता’, ‘प्रजा’.

नरहर कुरुंदकर यांची गोष्ट निराळी. त्यांचे मूळ गाव कुरुंदा. म्हणजे आजच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यातले. त्यांचे अध्यापकीय आयुष्य नांदेडमध्ये गेले. ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’ या त्यांच्या पुस्तकात ‘आम्ही’ नाही, विचारांची मांडणी आहे, इत्तेहादुल मुसलमीनची सार्वभौमत्वाची कल्पना, निझामाची स्वतंत्र राज्याची आकांक्षा आणि आधुनिक राष्ट्राची कल्पना यांचा संघर्ष त्यांनी ज्या स्वच्छपणे उलगडला तसा दुसऱ्या कोणी उलगडला नाही. परंतु कल्पनांच्या इतिहासात पोटाचा इतिहास दुय्यम ठरतो. लेव्ही आणि कंट्रोल यांचा कल्पनांशी काय संबंध? असा प्रश्न कोणी केला तर उत्तर असे की, फार मोठा आहे. युद्धकाळात सरकार प्रथमच प्रत्येक घराच्या कणगीपर्यंत पोहोचले; १९४७-४८ मध्ये जो गणवेशधारी स्वयंसेवक त्याच कणगीशी येऊन उभा राहिला तो त्या वाटेने आला. कुरुंदकरांच्या मांडणीला हे कलम बाहेरून लावता येण्याजोगे आहे, आणि लावल्याने ती मांडणी मोडत नाही, बळकट होते.

कन्हैयालाल मुनशी यांचे १९५७ चे आणि लायक अली यांचे १९६२ चे पुस्तक शेजारी ठेवून वाचले तर परिभाषेचा प्रश्न आणखी उघडा पडतो. १९४८ मध्ये पेट्रोल, औषधे, यंत्रसामग्री यांची आवक सरहद्दीवर अडली. लायक अली तिला आर्थिक वेढा मानतात. भारत सरकारची बाजू तशा धोरणाचा इन्कार करीत असे. मराठी लेखक दुसऱ्या बाजूचे, हे साहजिकच आहे. पण मिलच्या दृष्टीने पाहू गेल्यास वेढा म्हणा वा निर्बंध म्हणा, यंत्राचा सुटा भाग येत नाही आणि कापडाची गाठ जात नाही, ही एकच वस्तुस्थिती उरते. तिची झळ मजुराला किती लागली, हे सांगण्याची तसदी दोन्ही पक्षांपैकी कोणी घेतलेली नाही.

‘हुकूमशाही’ या शब्दाबद्दलही येथेच लिहिणे सोयीचे. निझामाच्या साऱ्या कारकिर्दीस हा शब्द लावण्याचा प्रघात आहे. १९११ पासून १९४६ पर्यंतचे राज्य एकतंत्री होते, १९१९ पासून मंत्रिमंडळ असूनही एकतंत्रीच होते. परंतु विसाव्या शतकात ‘हुकूमशाही’ म्हणताच जो अर्थ अभिप्रेत असतो, म्हणजे एक पक्ष, त्याचे सशस्त्र दल आणि त्यांच्यापुढे सरकारची शरणागती, तो अर्थ कासिम रझवी यांच्या उदयानंतरच्या काळाला लागू पडतो. बहादूर यार जंग १९४४ साली वारले. पुढे दोन वर्षांनी लातूरच्या या वकिलाच्या हाती इत्तेहादची सूत्रे आली. हा फरक केला नाही, तर १९४८ चा ऑगस्ट हा १९३८ च्या ऑगस्टसारखाच वाटू लागतो, आणि ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून ही इतर अनेकांतील एक घटना होऊन बसते.

आणि लोकांच्या स्मरणात नेमके हेच घडले आहे. मराठवाड्यात ‘रझाकारात’ असे सप्तम्यंत रूप कालवाचक म्हणून वापरतात : अमका रझाकारात गेला, तमके घर रझाकारात जळाले. मूळ शब्द निरुपद्रवी, ‘स्वेच्छेने काम करणारा’ या अर्थाचा; एका वर्षात तो शिवी झाला आणि पुढे कालखंडाचे नाव झाला. अर्थापकर्षाचे इतके वेगवान उदाहरण मराठीत विरळा. पण कालवाचक झाल्यावर त्याने आजूबाजूची वर्षे गिळण्यास आरंभ केला. लेव्ही युद्धातली, कापडाची टंचाई युद्धातली, तीही सांगणाऱ्याच्या तोंडी ‘रझाकारात’ जाऊन बसते. इटलीतील तेर्नी या पोलादनगरात आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी हाच प्रकार दाखविला. लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार १७ मार्च १९४९ रोजी नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीने मेला. अनेक कामगारांनी त्याचे मरण १९५३ मधील कामगारकपातीच्या झगड्यात नेऊन ठेवले. पोर्तेल्लींनी या चुकीला चूक म्हणून बाजूस सारले नाही, तिचा अर्थ लावला : जे मरण लहान प्रसंगात वाया गेल्यासारखे वाटले ते लोकांनी मोठ्या प्रसंगात नेऊन अर्थपूर्ण केले. लुइझा पास्सेरीनी यांना तुरीनच्या कामगारांशी बोलताना याच्या उलट अनुभव आला. आयुष्य सांगताना अनेकांनी फॅसिस्ट वर्षे ओलांडूनच उडी मारली. ज्या तुरीनमध्ये मार्च १९४३ मध्ये फियाटच्या कारखान्यापासून संपाची लाट उठली, त्याच शहरात हे मौन होते. इटलीचे माप मराठवाड्याला जसेच्या तसे लागू होणार नाही. तेथे आधुनिक पक्षाची वीस वर्षांची सत्ता, येथे वंशपरंपरेच्या सत्तेवर शेवटी चढलेले पक्षाचे कलम. परंतु रीत घेण्यासारखी आहे : आठवणीतील सन चुकला तर आठवण टाकू नये, तो का चुकला हे पाहावे.

या रीतीने पाहिले म्हणजे मराठवाड्याच्या स्मरणात दुसरीही एक जागा दिसते, ती मात्र गिळलेल्या वर्षांची नाही, गाळलेल्या आठवड्यांची आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य शिरले आणि १७ तारखेस निझामाने युद्ध थांबविले. ग्रंथांत येथे प्रकरण संपते. परंतु त्यानंतर काय झाले हे पाहण्यासाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली मंडळ पाठविले. त्याचा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहून २०१३ मध्ये लोकांसमोर आला. सैन्याच्या प्रवेशानंतर संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत असा त्यातील अंदाज. सर्वांत अधिक हानी झालेले जिल्हे चार, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. रझाकारांच्या अत्याचारांचा इतिहास मराठीत सविस्तर आहे आणि तो तसा असलाच पाहिजे. पण या आठवड्यांसाठी मराठीत स्वतंत्र नाव नाही. ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणावे तर ती पाच दिवसांची. ‘रझाकारी’ म्हणावे तर ती संपलेली. ‘मुक्ती’ म्हणावे तर मेलेल्यांना तो शब्द लावता येत नाही. ज्या गोष्टीला नाव नाही ती प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या पानात पडते. उस्मानशाहीच्या खात्यांत मराठी, तेलुगू, दखनी बोलणारी माणसे शेजारी शेजारी उभी राहत असतील तर त्या ऑक्टोबरमध्ये साच्यांवर कोण आले आणि कोण आले नाही, हा प्रश्न शहराच्या इतिहासाचा आहे, कोणत्याही एका पक्षाच्या इतिहासाचा नाही. तो विचारला म्हणजे स्वातंत्र्यसैनिकांचे मोल कमी होते, अशी भीती काही अभ्यासकांना वाटते. ती निराधार आहे. स्टेट काँग्रेसचा लढा राजवटीशी होता, शेजाऱ्याशी नव्हता, हे तिच्या पुढाऱ्यांनीच वेळोवेळी सांगितले होते.

उत्तर शोधण्याची साधने मुळीच नाहीत असे नव्हे. ती उर्दूत आहेत. राज्याची कचेरी, न्यायालय, विद्यापीठ आणि उद्योगखाते यांची भाषा उर्दू होती. हैदराबादच्या दप्तरखान्यात जी कागदपत्रे आहेत त्यांत शिकस्ता लिपीतील नोंदींचा भाग मोठा आहे. सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखा निझामाच्या मुलकी सेवेतील मराठी विद्वान ही लिपी सहज वाची, शिवाय फारसी वाची, गोंडीही बोले. त्या पिढीनंतर मराठी इतिहासाचा अभ्यासक उर्दूकडे परक्याची भाषा म्हणून पाहू लागला. १९४८ पूर्वी शाळेत ती सक्तीने शिकावी लागल्याचा राग यामागे आहे आणि तो राग खरा आहे. परंतु त्या रागाची किंमत अशी पडली की, ज्या राजवटीविरुद्ध लढलो तिचे कागद आपणच वाचू शकत नाही. इंग्रजीत जेवढे उतरले तेवढ्यावर भागवावे लागते, आणि इंग्रजीत उतरले ते वरिष्ठ पातळीवरचे. मजुराचा अर्ज, तहसीलदाराची टिपणी, करोडगिरीच्या नाक्यावरील नोंद, हे सारे खालच्या पातळीवर आणि म्हणून उर्दूत. उस्मानशाही मिल पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद पडली. तिच्या स्वतःच्या दप्तराची गत काय झाली याची चौकशी भंगाराच्या लिलावाच्या अंगाने पुष्कळांनी केली असेल, अभ्यासकांनी केल्याचे दिसत नाही. मराठवाड्यातील विद्यापीठांत मराठीचे, इतिहासाचे आणि उर्दूचे अध्यापन चालते. एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने वर्षभर शिकस्ता शिकून १३५२ ते १३५७ फसली या सहा वर्षांचे नांदेड आणि हिंगोली येथील कागद तारखेवार लावले, हालीचे कलदार केले आणि फसलीचे इसवी केले, तर त्याच्या प्रबंधाला विषयाची वाण पडणार नाही.